धुराची बिअर आवडायला लागते कशी : बांबेर्गच्या राउखबिअरसाठी नवख्यांचा मार्गदर्शक

जर्मनीतल्या न्युरेनबर्ग, एर्लांगेन, फ्युर्थ, बांबेर्ग या पट्ट्यात शिकायला किंवा नोकरीला आलेल्या मराठी मंडळींना पहिल्या वर्षभरात कुणीतरी बांबेर्गला घेऊन जातंच. कॅथेड्रल बघून होतं, नदीच्या मधोमध उभी असलेली जुनी नगरपालिका बघून होते आणि मग ऑफिसातला सहकारी ‘आता इथली खासियत’ म्हणत गडद तपकिरी बिअरचा ग्लास पुढ्यात ठेवतो. ग्लास नाकाशी नेला की धुरावलेल्या डुकराच्या मांसाचा आणि जळक्या लाकडाचा भपकारा येतो. शाकाहारी माणूस ग्लास तिथेच खाली ठेवतो. मांसाहारीसुद्धा कसाबसा अर्धा संपवतो आणि परतीच्या गाडीत ‘एकदा बघितली, बास’ असं सांगून मोकळा होतो.

ही बिअर म्हणजे राउखबिअर, धुरावर वाळवलेल्या माल्टची (मोड आणलेल्या सातूची) बिअर. मलाही ती बराच काळ अजिबात सोसायची नाही. आज फ्रांकोनियातल्या, म्हणजे उत्तर बव्हेरियाच्या या भागातल्या, सगळ्या बिअरमध्ये ती मला सर्वांत प्रिय आहे आणि नव्याने येणाऱ्यांनी पहिल्याच घोटावर तिच्यावर फुली मारली की खरंच वाईट वाटतं. बहुतेकांना ती आवडत नाही याचं कारण ती चुकीच्या क्रमाने, चुकीच्या तापमानाला आणि चुकीच्या खाण्याबरोबर समोर येते. या तीन गोष्टी सुधारल्या की बराच फरक पडतो. तो कसा पाडायचा ते खाली सविस्तर लिहिलं आहे.

आधीच एक गोष्ट सांगतो. तुम्ही मद्य घेत नसाल तर या बिअरसाठी सुरू करायची काही गरज नाही. जे एरवी बिअर पितात आणि या एका प्रकारापाशी अडतात, त्यांच्यासाठी हा लेख आहे.

सुरू करण्याआधी काय काय जवळ हवं

- एक अख्खा मोकळा दिवस. संध्याकाळच्या दोन तासांत उरकायचं काम नाही.
- जाण्या-येण्याचं रेल्वेचं तिकीट. न्युरेनबर्गहून एर्लांगेन, फॉर्खहाइममार्गे बांबेर्गला एस-१ लोकल जाते, शिवाय तिच्याहून जलद प्रादेशिक गाड्याही आहेत. डॉइचलांड-टिकीट, म्हणजे देशभरच्या लोकल आणि प्रादेशिक गाड्यांचा मासिक पास, असेल तर वेगळं तिकीट लागत नाही. बायर्न-टिकीट, म्हणजे बव्हेरियाचं दिवसभराचं तिकीट, काढणार असाल तर ते कामाच्या दिवशी सकाळी नऊनंतरच चालतं.
- रोख पैसे. इथल्या जुन्या खानावळींत कार्ड चालेलच असं धरून जाऊ नका.
- ओळखपत्र. जर्मनीत बिअर सोळाव्या वर्षापासून मिळते, तरी पासपोर्टची प्रत किंवा रेसिडेन्स कार्ड जवळ असू द्या.
- घरच्या सरावासाठी एक मोठ्या तोंडाचा काचेचा ग्लास, साधं पाणी आणि थोडा पाव.
- सोबतीला एखादा माणूस. अर्धा लिटर दोघांत वाटून घेता येतो आणि शिकताना तेच सोयीचं पडतं.

गाडी नेऊ नका. जर्मनीत रक्तातल्या अल्कोहोलची मर्यादा ०.५ प्रोमिल (हजारी ०.५) आहे. वय २१च्या आत असेल किंवा लायसन्सचा परिवीक्षा काळ चालू असेल तर ती थेट शून्य आहे.

१. धूर येतो कुठून ते आधी समजून घ्या

बऱ्याच जणांना वाटतं की बिअरमध्ये मांसाचा अर्क किंवा धुराचं इसेन्स घालतात. तसं काहीही नसतं. पाणी, सातूचं माल्ट, हॉप्स (कडवटपणा आणणारी वेलीची फुलं) आणि यीस्ट एवढ्यावरच ही बिअर होते. बिअरमध्ये काय घालावं हे ठरवणारा बव्हेरियाचा १५१६चा शुद्धतेचा नियम प्रसिद्ध आहे. बांबेर्ग तेव्हा बव्हेरियात नव्हतं, तिथे बिशपची स्वतंत्र सत्ता होती आणि त्या बिशपने त्याच धर्तीचा नियम १४८९मध्येच, म्हणजे २७ वर्षं आधी काढला होता. बांबेर्गची माणसं ही तारीख अभिमानाने सांगतात.

धूर येतो तो माल्टमधून. सातू भिजवतात, त्याला मोड आणतात आणि ठरावीक वेळी ते मोड वाढायचे थांबावेत म्हणून दाणा गरम हवेने वाळवतात. आता बहुतेक ठिकाणी ही हवा स्वच्छ असते, म्हणजे जाळ एकीकडे आणि दाणा दुसरीकडे. पूर्वी अशी सोय नव्हती. लाकडाचा जाळ खाली, दाणा वर आणि धूर सरळ दाण्यांतून. त्यामुळे लाकडावर वाळवलेल्या माल्टच्या बिअरला कमीजास्त धुराचा वास असायचाच. दाण्याला धूर न लावता वाळवणाऱ्या भट्ट्या आल्या तसा तो वास युरोपातून जवळपास नाहीसा झाला. बांबेर्गमध्ये बिअर बनवणाऱ्या दोन घरांनी तो सोडला नाही : श्लेंकर्ला आणि श्पेट्सियाल. दोघंही आजसुद्धा बीच वृक्षाच्या लाकडावर स्वतःचं माल्ट स्वतः वाळवतात. श्लेंकर्लाच्या घराचा कागदोपत्री उल्लेख १४०५चा आहे आणि श्पेट्सियाल १५३६पासूनचं.

गाइड लोक एक गोष्ट हमखास सांगतात. कुठेतरी आग लागली, साठवलेल्या माल्टला धूर लागला, गरीब मालकाने नाइलाजाने त्याचीच बिअर केली आणि ती लोकांना आवडली. गोष्ट ऐकायला छान आहे, पण तिच्यावर विसंबू नका. हा धूर अपघाताने आलेला नाही. एके काळी सगळीकडे रोजची असलेली पद्धत इथे टिकून राहिली आहे. हे डोक्यात ठेवून ग्लास उचलला की ‘यांनी बिअरमध्ये हे काय घातलंय’ हा प्रश्न पडत नाही, आणि माझ्या मते अर्धी नावड त्या प्रश्नातूनच येते.

२. नाकाला मांसाऐवजी लाकूड ओळखायला शिकवा

सगळ्यांत महत्त्वाची पायरी हीच आहे आणि ती बांबेर्गला जायच्या आधी घरी करायची आहे.

लाकूड जळताना त्यातल्या लिग्निनपासून ग्वायकॉल, सिरिंगॉल अशी संयुगं तयार होतात. धुराचा वास म्हणून आपल्याला जे कळतं ते प्रामुख्याने हेच. जर्मनीत हॅम, सॉसेज धुरवायला सर्रास बीचचंच लाकूड वापरतात. म्हणजे हॅमला जो वास येतो तोच बिअरला येतो, कारण धूर एकाच लाकडाचा. इथल्या माणसाने धूर लहानपणापासून मांसाबरोबर हुंगलेला असतो, म्हणून तो ‘बेकन’ म्हणतो. आपणही त्याचंच ऐकून किंवा सुपरमार्केटातल्या मांसाच्या काउंटरवरचा वास आठवून तेच म्हणतो.

पण मराठी घरात धुराची ओळख वांग्याच्या भरताने होते. निखाऱ्यावर वांगं भाजून, साल काढून, देठाकडचा भाग हाताने कुस्करताना जो वास बोटांना लागतो, तो आठवा. चुलीवर तापलेलं पाणी, शेतातली हुरडा पार्टी, अलिबाग-पेणकडची पोपटी, मातीच्या मडक्यात भांबुर्ड्याच्या पाल्यात भाजलेल्या वालाच्या शेंगा, हे सगळं त्याच घराण्यातलं. राउखबिअर हुंगताना मनात ‘हॅम’ऐवजी ‘भरीत’ हा शब्द ठेवून बघा. ऐकायला हे फार सोपं वाटतं, पण वासाचं असंच असतं. ज्या नावाने तो ओळखला, त्या नावाबरोबर त्याची गोडी किंवा किळस येते. मला सर्वांत जास्त उपयोग याचा झाला.

नाकाची तालीम करायला जर्मनीत सहज मिळणाऱ्या गोष्टी :

- राउखटोफू, म्हणजे धुरावलेला टोफू. कुठल्याही सुपरमार्केटात असतो. पाकिटावर ‘बुखेनहोल्त्स’ लिहिलेलं बघून घ्या, म्हणजे बीचचा धूर. शाकाहाऱ्यांसाठी याहून चांगला सराव नाही, कारण वास तोच आणि मांस कुठेच नाही. तव्यावर तेल टाकून लालसर परता आणि गरम असताना हुंगा.
- लापसांग सूशाँग हा पाइनच्या धुरावर वाळवलेला चिनी चहा. चहाच्या दुकानात सुटा मिळतो. दुधाशिवाय, पातळ करून प्या. धुराचा वास असलेलं काहीतरी द्रव रूपात तोंडात घ्यायची सवय यानेच लागते.
- धुरावलेलं चीज आणि धुरावलेली पाप्रिका पूड. पूड वरणाच्या फोडणीत चिमूटभर घातली तरी चालते.

या वस्तू आठवडाभर अधूनमधून खाण्यात येऊ द्या. एक सूचना मात्र गंभीरपणे : भरताची हौस म्हणून फ्लॅटमध्ये कोळसा पेटवू नका. बंद खोलीत निखाऱ्यातून कार्बन मोनॉक्साइड साठतो आणि त्याने माणसं दगावतात. वांगं भाजायचं तर ओव्हनच्या ग्रिलखाली, किंवा उन्हाळ्यात परवानगी असलेल्या जागी बाहेर.

३. सौम्यापासून सुरुवात करा

बहुतेक जण स्टेशनवरून निघतात आणि तडक श्लेंकर्ला गाठून तिथली मेर्त्सेन मागवतात. हा मोठाच सापळा आहे. मेर्त्सेन या घराची मुख्य बिअर आहे, ५.१ टक्क्यांची, आणि तिच्यात धूर पुरेपूर आहे. सुरुवात तिने करू नये.

सुदैवाने बांबेर्गचा रस्ताच तुम्हाला योग्य क्रमाने नेतो. स्टेशनवरून जुन्या गावाकडे चालत निघालात की दहाएक मिनिटांत ओबेरे क्योनिगश्ट्रासे लागतो. तिथे १० नंबरला श्पेट्सियाल आहे. आधी इथे थांबा. श्पेट्सियालच्या राउखबिअरमध्ये धूर आहे, पण तो मागून येतो. आधी माल्टची गोडसर, भाजलेल्या पावासारखी चव लागते आणि घोट गिळून झाल्यावर धूर जाणवतो. रंगही मेर्त्सेनपेक्षा उजळ, तांबूस. नवख्या माणसाने धुराची पहिली ओळख इथेच करून घ्यावी असं माझं ठाम मत आहे, आणि बांबेर्गच्या लोकांपैकीही बरेच जण रोजच्या पिण्यासाठी श्पेट्सियालच पसंत करतात.

इथे अर्धा लिटरला ‘झाइडला’ म्हणतात. ‘आइन झाइडला, बिट्टे’ म्हटलं की काम होतं.

त्याच रस्त्यावर श्पेट्सियालच्या समोर फेस्ला आहे, १६४९पासूनचं. तिथली बिअर धुराची नसते. जीभ पूर्ववत करायला, किंवा सोबत्याला धूर नकोच असेल तर त्याच्यासाठी, ही जागा लक्षात ठेवा.

तिथून पुढे केटनब्र्युके पूल ओलांडून ग्र्युनर मार्क्टमधून चालत जा. नदीवरच्या जुन्या नगरपालिकेच्या कमानीतून पलीकडे गेलात की डोमिनिकानरश्ट्रासेवर श्लेंकर्ला येतं. ही चाल पंधरा मिनिटांची आहे, पण वाटेत बाजारात थांबा, काही खा, पाणी प्या. हे जुनं गाव १९९३पासून युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत आहे, तेव्हा रेंगाळायला कारणं पुष्कळ सापडतील.

दोन्ही ठिकाणांचे बंदचे वार आणि वेळा निघण्याआधी बघून घ्या. जुन्या खानावळी आठवड्यातून एखादा दिवस बंद असतात आणि दुपारचं स्वयंपाकघर मधेच मिटतं.

४. श्लेंकर्लात गेल्यावर

आत शिरलात की लाकडी तुळयांचं ठेंगणं छत, काळपट पडलेलं लाकूड आणि लांब बाकं दिसतील. कुणी येऊन जागा दाखवेल याची वाट बघू नका. टेबलावर माणसं बसलेली असली तरी रिकाम्या जागी बसता येतं. आधी ‘इस्ट हीयर नॉख फ्राय?’ असं विचारायचं, म्हणजे ‘इथे जागा रिकामी आहे का?’ ज्या टेबलावर ‘श्टामटिश’ अशी पाटी असेल तिथे मात्र बसू नका. ते नेहमीच्या गिऱ्हाइकांचं राखीव टेबल असतं आणि तुम्हाला उठवलं जाईल.

गर्दी फार असेल तर बरेच जण दारातूनच ग्लास घेऊन बाहेर रस्त्यावर उभ्याने पितात. त्यासाठी ग्लासची अनामत द्यावी लागते, ग्लास परत केला की ती परत मिळते. पहिल्या खेपेला मात्र आतच बसा, कारण खाणं सोबत हवं.

बिअर इथे लाकडी पिंपातून येते. पिंप काउंटरवर चढवलेलं असतं आणि आपल्याच वजनाने बिअर तोटीतून ग्लासात पडते, वरून गॅसचा दाब देत नाहीत. त्यामुळे बुडबुडे कमी आणि पोत मऊ असतो. बाटलीतून राउखबिअर प्यायलेल्या आणि न आवडलेल्या माणसालाही पिंपातली द्यावी ती याचसाठी. ग्लास उजेडात धरून बघा. काळीभोर दिसणारी बिअर कडेने माणकासारखी लाल दिसते आणि फेस पांढरा नसून फिकट बदामी असतो.

श्लेंकर्लाची एक हेलेस लागर, म्हणजे फिकट रंगाची बिअरही आहे, ४.३ टक्क्यांची. तिच्यात धुराचं माल्ट मुळीच वापरत नाहीत. पण ती त्याच तांब्याच्या कढयांत शिजते आणि मेर्त्सेनमधून आलेल्या यीस्टवर आंबते, तेवढ्यानेच तिला धुराची झाक येते. श्पेट्सियाल बंद असेल त्या दिवशी, किंवा घरी बाटल्यांवर सराव करताना, पहिली पायरी म्हणून हीच घ्या.

५. पहिला ग्लास प्यायचा कसा

फेस थोडा बसू द्या. लगेच नाक खुपसू नका.

पहिला घोट छोटा घ्या आणि त्याच्यावरून काहीही मत बनवू नका. या घोटाला नाकाला धुराशिवाय काही कळत नाही. लगेच पावाचा तुकडा खा. दुसरा घोट जरा मोठा, तोंडभर. तो गिळल्यावर नाकाने हळूच श्वास सोडा. इथे धुराच्या मागचं पहिल्यांदा कळायला लागतं : माल्टची गोडी, किंचित करपलेल्या साखरेचा स्वाद, शेवटी हॉप्सचा कोरडा कडूपणा. तिसऱ्या-चौथ्या घोटापासून धूर मागे सरकतो.

याचं कारण साधं आहे. एकच वास सतत येत राहिला की नाक त्याची दखल घेणं कमी करतं. स्वयंपाकघरात असलेल्याला फोडणीचा वास येत नाही आणि बाहेरून आलेल्याला येतो, तेच इथे घडतं. अर्ध्या ग्लासावर ही बिअर निराळीच लागते. म्हणून ‘दोन घोट घेऊन बघितले’ याला चव घेणं म्हणत नाहीत. आणि म्हणूनच वेगवेगळ्या बिअरचे छोटे-छोटे नमुने ओळीने मांडून प्यायची पद्धत राउखबिअरला मुळीच मानवत नाही. मधेच दुसरी बिअर घेतली की नाक ताजं होतं आणि धूर पुन्हा पहिल्यासारखा अंगावर येतो.

आता तीन ग्लासांविषयी. ‘तिसऱ्या झाइडलाशिवाय ही बिअर कळत नाही’ असं बांबेर्गमध्ये तुम्हाला कुणीतरी सांगणारच. नाकाच्या सवयीपुरतं त्यात तथ्य आहे, पण हिशेब करून बघा. ५.१ टक्क्यांचे तीन अर्धे लिटर म्हणजे सुमारे ६० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल. एका बैठकीला ते फार होतं. शिवाय त्या अवस्थेत काय आवडलं आणि काय नाही हे दुसऱ्या दिवशी सांगता येत नाही. एका वेळी एकच झाइडला, हवं तर दोघांत दोन, आणि दोन-तीन आठवड्यांच्या अंतराने पुन्हा. मधल्या काळात नावड बरीच सैल पडते. घाईने काही मिळत नाही, हे मी अनुभवाने सांगतो.

६. सोबत काय खायचं

रिकाम्या पोटी राउखबिअर प्यायली की धूर घशात बसतो. स्निग्ध आणि खारट काहीतरी सोबत लागतंच.

मांसाहारी असाल तर श्लेंकर्लात ‘बांबेर्गर त्स्वीबल’ घ्या. अख्खा कांदा पोखरून त्यात खिमा भरलेला असतो आणि वरून राउखबिअरचाच रस्सा. कांदा शिजून गोड झालेला असतो आणि त्या गोडीपुढे धूर एकदम जागेवर बसतो.

शाकाहाऱ्यांनी इथे सावध राहायचं. नावात नुसता कांदा असला तरी आत डुकराचा खिमा आहे. पावाबरोबर लोण्यासारखं जे पांढरं येतं ते ‘श्माल्त्स’ असेल तर ती डुकराची चरबी. तुम्ही ‘ओबाट्स्डा’ मागवा. मऊ चीज, लोणी, कांदा आणि पाप्रिका कालवून केलेला हा प्रकार ब्रेझलबरोबर खातात, आणि राउखबिअरबरोबर त्याच्यासारखं दुसरं शाकाहारी काही या खानावळींत नाही. केझेश्पेट्झ्ले, म्हणजे चीज घातलेल्या जाड शेवया, मिळाले तर तेही चालतील.

घरी मात्र आपल्या जेवणाने जी गंमत येते ती इथल्या जेवणाने येत नाही. भरीत, ज्वारीची भाकरी, शेंगदाण्याची चटणी, कच्चा कांदा आणि श्पेट्सियाल : या ताटासाठी मी कितीही लांब जाईन. भरताचा धूर आणि बिअरचा धूर एकमेकांत मिसळतो आणि बिअरची गोडीच तेवढी उरते. सुकं मटण, तंदुरी पनीर, खरपूस भाजलेला मका, खमंग थालीपीठ, यांच्याबरोबरही मेर्त्सेन छान जाते. ज्यात खोबरं भाजून वाटलेलं आहे अशी कुठलीही काळ्या मसाल्याची भाजी घ्या. झणझणीत तांबडा रस्सा नको, कारण तिखट आणि धूर दोन्ही घशालाच लागतात.

सोलकढी, तिच्यासोबतचं माशांचं जेवण, श्रीखंड, बासुंदी यांच्याजवळही ही बिअर नेऊ नका. आंबटाने धूर कडवट होतो आणि दुधाच्या गोडाबरोबर तो राखेसारखा लागतो.

७. बाटली घरी आणल्यावर

फ्रांकोनियात पेयांच्या दुकानात, ‘गेट्रेंकेमार्क्ट’मध्ये, श्लेंकर्लाच्या बाटल्या मिळतात. श्पेट्सियाल त्यामानाने बांबेर्गच्या आसपासच. साध्या बाटलीची अनामत ८ सेंट आणि तारेच्या झाकणाच्या बाटलीची १५ सेंट, बाटल्या परत करा. उभ्या, अंधारात आणि गार जागी ठेवा.

फ्रीजमधून काढून लगेच ओतू नका. फार गार असली की माल्टची गोडी कळत नाही आणि धूर तेवढा उरतो, म्हणजे जे लपायला हवं तेच पुढे येतं. पंधरा-वीस मिनिटं बाहेर राहू द्या. ग्लास फ्रीजरमध्ये ठेवायची आपली सवय इथे विसरा. आणि थेट बाटलीने तर मुळीच पिऊ नका.

८. न आवडलेली बिअर आणि बिघडलेली बिअर

हा फरक ओळखता आला पाहिजे, नाहीतर खराब बाटलीमुळे चांगल्या बिअरवर राग धराल. धूर, लाकूड, भाजका स्वाद, हलकासा खारटपणाचा भास, हे सगळं ठीक आहे. मलमपट्टीचा किंवा दवाखान्याचा उग्र वास, व्हिनेगरसारखा आंबटपणा, ओल्या पुठ्ठ्याची चव, यांपैकी काही असेल तर बिअर बिघडलेली किंवा फार जुनी आहे. ओतून टाका आणि दुसरी बाटली उघडा.

९. मेर्त्सेन आवडायला लागली की

ऑक्टोबरपासून श्लेंकर्लाची उरबॉक ही जास्त कडक बिअर येते, ६.५ टक्क्यांची. धूर मेर्त्सेनइतकाच, पण गोडी जास्त, त्यामुळे अनेकांना ती उलट सोपी जाते. नाताळच्या सुमारास ‘आइखे’ नावाची डॉपेलबॉक, म्हणजे त्याहूनही कडक बिअर असते, ८ टक्क्यांची आणि ओकच्या धुराची. ओकचा धूर बीचपेक्षा मवाळ असतो. डार्क चॉकलेटबरोबर, छोट्या ग्लासात, हळूहळू. वसंतातल्या उपासाच्या दिवसांत, अॅश वेन्सडेपासून ईस्टरपर्यंत, ‘फास्टनबिअर’ मिळते. गव्हाची राउखबिअरही आहे, पण तिच्यात गव्हाच्या बिअरच्या यीस्टचा केळ-लवंगेचा वास धुरात मिसळतो. मला ती अजूनही फारशी भावत नाही आणि शिकणाऱ्याने तर तिच्या वाटेला जाऊच नये.

उन्हाळ्यात श्टेफान्सबेर्ग टेकडीवरच्या श्पेट्सियाल-केलरला जा. बिअर साठवायच्या जुन्या तळघरांच्या वर झाडांखाली बाकं टाकलेली आहेत, समोर कॅथेड्रलचे चारही मनोरे दिसतात. बांबेर्गची माणसं ‘केलरवर जाऊ या’ म्हणतात, तळघर खाली असूनही. अशा बागांतून काही ठिकाणी घरचं खाणं आणलेलं चालतं, पण डबा उघडण्याआधी विचारा.

बांबेर्गच्या बाहेर शोधायचं असेल तर पोलंडची ग्रोजिस्किए बघा. ओकच्या धुरावरच्या गव्हाची, अगदी हलकी, तीनेक टक्क्यांची बिअर आहे. धूर हवा पण जडपणा नको असं ज्यांना वाटतं त्यांना ती लगेच आवडेल.

१०. भारतात न्यायची असेल तर

हातातल्या सामानात चालणार नाही, चेक-इनमध्येच टाका. प्रत्येक बाटली कपड्यात गुंडाळून प्लास्टिकच्या पिशवीत बांधा. परदेशातून येताना दोन लिटरपर्यंत मद्य शुल्काशिवाय आणता येतं, बिअर त्यातच मोजतात, म्हणजे अर्ध्या लिटरच्या चार बाटल्या. महाराष्ट्रात बिअरसाठी वयाची अट २१ आहे आणि मद्याचा परवाना लागतो, तो एका दिवसाचाही मिळतो.

चार बाटल्यांमध्ये माझी निवड अशी असते : दोन हेलेस, एक मेर्त्सेन, एक उरबॉक. घरच्यांना आणि मित्रांना हेलेसपासूनच द्या, आणि त्या दिवशी स्वयंपाकात वांगी असू द्या.